डॅशबोर्डवरचा कापूस

जुन्या फियाटचा डॅशबोर्ड पत्र्याचा असतो, असं हल्लीच्या मुलांना सांगितलं की ती आधी बोटाने वाजवून बघतात. टण्ण आवाज आला की मग विश्वास बसतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून ही अकराशे डिलाइट तयार होऊ लागली. पुढे हीच गाडी पद्मिनी झाली. आमच्या परभणीत एकेकाळी फियाट दारात उभी असली की घर डॉक्टरांचं की वकिलांचं, एवढाच प्रश्न उरायचा.

अशाच एका गाडीच्या आतल्या पत्र्याला रंग द्यायचा होता. बाहेरून गाडी चकचकीत होती. आत मात्र डॅशबोर्डवर कुणीतरी ब्रशने फासलेला राखाडी थर होता आणि काचेखालच्या भागाची उन्हाने पार खडूसारखी भुकटी झाली होती. मला वाटलं, पॉलिश पेपर मारायचा, गन फिरवायची, संपलं. रंगारी चाचांनी डबा उघडलासुद्धा नाही. "पहले रंग को पूछना पडता, तू कौन है," म्हणाले, आणि थिनरमध्ये बुडवलेलं फडकं राखाडी थरावर दाबून धरलं. मिनिटभरात तिथे साय धरल्यासारख्या सुरकुत्या पडल्या. मग त्यांनी स्पीडोमीटर काढला. त्याच्या कडेखाली ऊन नाही, हात नाही, ब्रश नाही, असा बोटभर पट्टा होता, फिकट पिस्ता रंगाचा. तिथे फडकं फिरवलं तर सुरकुती पडली नाही, रंगच फडक्यावर उतरला. "ऊपर का तेल का, नीचे का ड्यूको," चाचांनी निकाल दिला. दोन्हींवर फडकं फिरवून काहीच झालं नसतं, तर तो हार्डनर घालून मारलेला पीयू रंग ठरला असता.

ड्यूको हा शब्द आपल्याकडे सुतारापासून कपाटवाल्यापर्यंत सगळे वापरतात, पण तो एका अमेरिकन रंगाचा छाप आहे आणि तो रंग कापसापासून होतो, हे मला त्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं. मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये कापसातून रुई वेगळी होते आणि सरकी उरते. ती सरकी बोटांत चोळून पाहा, तिच्यावर आखूड, मऊ लव असते. सूत काढायला ती निकामी. पण रुईसारखीच तीही मुख्यतः सेल्युलोज असते. ही लव नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवली की दिसायला कापूसच राहते, गुण मात्र पालटतात. नायट्रोजन बारा टक्क्यांच्या आसपास ठेवला, तर ती द्रावकात विरघळून चकचकीत पापुद्रा धरणारा रंग बनते. तेराच्या पुढे नेला तर बंदुकीची दारू! बाझेलच्या शोनबाइन यांनी 1846 साली ही दारू केली. पहिल्या महायुद्धात ड्यूपॉन्ट कंपनीने याच कापसाच्या दारूचे प्रचंड कारखाने उभारले आणि युद्ध संपल्यावर त्यांचं करायचं काय, हा प्रश्न पडला. त्याचं एक उत्तर 1923 साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात झळकलं. तोवर एका मोटारीचा रंग पुरा व्हायला आठवडे जात. ड्यूकोने ते काम दिवसांवर आणलं.

या कापसाची भावकी मोठी आहे. नखांचं नेलपॉलिश हाच कापूस. टेबल टेनिसचे जुने चेंडूही हाच, फक्त त्यात कापूर मिसळलेला. फाळक्यांच्या काळातली सिनेमाची फिल्मही हीच, आणि म्हणून ती पेट घ्यायची. 2003 च्या जानेवारीत पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारातली नायट्रेटची रिळं अशीच जळून गेली. चाचा गन हातात असताना आसपास कुणाला बिडी पेटवू देत नाहीत, ते उगीच नाही.

आता वरच्या राखाडी थराचं. तो ऑइल पेंट, म्हणजे इनॅमल. त्याच्या पोटात जवसाचं किंवा सोयाबीनचं तेल असतं. परभणी जिल्ह्याच्या रानात कपाशी हटून सोयाबीन आलं, तसंच या डॅशबोर्डवर झालेलं बघून मला हसू आलं. पण या दोन रंगांची वाळण्याची रीत अगदी उलटी. ड्यूको वाळतो तो फक्त थिनर उडून जातो म्हणून. पुन्हा थिनर द्या, पुन्हा विरघळेल, वीस वर्षांनीसुद्धा. इनॅमलमधलं तेल मात्र हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून जाळं होतं. जवसाचं तेल वाळताना वजनाने वाढतं! असं जाळं थिनरने विरघळत नाही, नुसतं फुगतं, आणि पत्र्याला धरून असल्यामुळे जागच्या जागी मुडपतं. त्याच त्या सुरकुत्या. म्हणजे राखाडीवर थेट ड्यूको मारला असता, तर अख्खा डॅशबोर्ड म्हाताऱ्याच्या हातासारखा दिसला असता. रिमूव्हर लावून, स्पीडोमीटरखालचा पट्टा सोडून, बाकी सगळं पत्र्यापर्यंत खरवडावं लागलं. दोन दिवस गेले. मग प्रायमर, बारीक खड्ड्यांत पुट्टी आणि पाणी मारत मारत वॉटर पेपर.

हे काम आम्ही फेब्रुवारीत केलं, परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाच्या दिवसांत, आणि तोही चाचांचाच हट्ट. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने थिनर उडताना पत्रा गार पडतो. श्रावणातल्या दमट हवेत त्या गार पत्र्यावर दव धरतं, ते रंगात अडकतं आणि ताजा रंग ताकासारखा पांढुरका होतो. मे महिन्यात उलटी गंमत. पारा चाळिशीच्या पुष्कळ पुढे गेलेला असतो, त्यामुळे गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोचायच्या आतच सुकतो आणि कोंडा पेरल्यासारखा खरखरीत बसतो. उरुसात हवा कोरडी आणि ऊन सोसवणारं. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणून आमच्या गावाची थट्टा होते, पण रंगाच्या बाबतीत परभणीचा फेब्रुवारी मला तरी कुठेही शोभेल असा वाटतो.

प्लास्टिकची बटणं मी स्वतःच रंगवायला घेतली होती. काही प्लास्टिकं रंग अंगाला लावूनच घेत नाहीत. पाण्याचा थेंब टाकला आणि तो अळूच्या पानावरच्यासारखा गोळा होऊन पळाला, तर रंगही तसाच सुटणार. त्याला आधी प्लास्टिकचं वेगळं प्रायमर लागतं. माझी दोन बटणं नखाने सोलून निघाली, तेव्हा चाचा काही बोलले नाहीत, फक्त बघत राहिले.

पिस्ता रंग जुळवायला स्पीडोमीटरखालचा तो पट्टाच नमुना म्हणून वापरला. उन्हात, सावलीत, ट्यूबलाइटखाली धरून चार वेळा पिवळ्याचे थेंब वाढवले. पातळ पातळ पाच हात मारले, तीन दिवस गाडी तशीच ठेवली. स्पीडोमीटर परत बसवायच्या आधी चाचांनी पॉलिश पेपर उचलला, तेव्हा मी त्यांचा हात धरला. तो बोटभर पट्टा तसाच ठेवलाय.