बेल-भंडारा, बूथ आणि आपलं मत

“आमचं मत कुठं गेलं ते त्यांना कळतंच,” असं वाळव्यापासून कराडपर्यंत दर निवडणुकीला ऐकू येतं. असं म्हणणारा माणूस भित्रा नसतो. उसाची तोड, सोसायटीचं कर्ज, दुधाचं बिल, पोराची नोकरी हे सगळं एकाच गटाच्या हाती असलं की कुणीही जपूनच बोलेल. म्हणूनच या भीतीत खरं किती आणि ऐकीव किती, ते तपासायला हवं.

मतदान यंत्रात मतदाराचं नाव जात नाही. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटच्या काचेमागं 7 सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह एवढंच असतं. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 94 मुळे, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं तरी मत कुणाला दिलं हे सांगायची सक्ती कुणावर करता येत नाही. कर्मचाऱ्यानं किंवा उमेदवाराच्या प्रतिनिधीनं गुप्तता फोडली, तर कलम 128 खाली 3 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही या भीतीला थोडा आधार आहे, तो लपवू नये. मतमोजणीचे आकडे केंद्रनिहाय जाहीर होतात. लहान गावात एकच केंद्र असलं की गाव कुणीकडं झुकलं ते दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळ्यांना ठाऊक असतं. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असं निवडणूक आयोगानं 2008 मध्ये सुचवलं आणि विधी आयोगानं 2015च्या 255व्या अहवालात त्याला दुजोरा दिला. ते अजून आलेलं नाही, आणि ते यायलाच हवं. तोवर गावाचा कल कळेल. पण त्या आकड्यांत तुमचं मत कोणतं, ते कुणालाही काढता येणार नाही.

दुसरी गाठ जास्त घट्ट आहे. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट येतं, सोबत शपथेसाठी बेल-भंडारा येतो. “बेल-भंडारा उचललाय, आता फिरलास तर देव बघून घेईल.” आजीबाई हात जोडतात आणि सकाळी तेच बटण दाबतात. देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणं हे कलम 123 नुसार भ्रष्ट आचरण आहे, आणि ते सिद्ध झालं तर निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. मतासाठी पैसे देणं जसा गुन्हा, तसा घेणंही गुन्हाच. पण पाकीट घेतलं म्हणून मत बांधलं जात नाही. दबावाखाली घेतलेली शपथ मोडल्याचं ओझं त्या म्हातारीनं का वाहावं?

“बिनविरोध म्हणजे गावाचा एकोपा” हेही सरसकट खरं नाही. सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झाल्यावर जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीच्या निवडणुका रद्द केल्या. एकच अर्ज राहिला की मतदानच होत नाही, मग ‘नोटा’चं बटण तरी कुठून मिळणार?

“इथलं धाडस म्हणजे प्रतिसरकारची बंदूक” असंही म्हटलं जातं. ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या समांतर सरकारची परंपरा मोठीच आहे. पण लोकांच्या मतानं कारभार चालवायची परंपराही इथलीच. 1939 मध्ये औंध संस्थानात, ज्यात आजच्या सांगलीतली आटपाडीही होती, गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना लागू झाली आणि राजानं आपले अधिकार सोडून गावपंचायतींच्या हाती कारभार दिला. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील 1957 मध्ये सातारा भागातून लोकसभेवर गेले, ते लोकांच्या मतांवर.

शेवटचा गैरसमज ग्रामसभेचा: “बोलून काय होतंय?” वर्षातून किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा असते. नुसतं बोलून गप्प बसलं तर खरंच फारसं होत नाही. प्रश्न लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तो इतिवृत्तात लिहायला लावा. इतिवृत्ताची नकल मिळाली नाही तर 2005च्या माहिती अधिकारात अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. एकट्यानं उठायला कचरत असाल तर शेजारच्या दोघा-तिघांच्या सह्या त्याच अर्जावर घ्या.