वास येतो, मग कावीळ कशी?

चुलीच्या धुराचा हप्ता आज नाही. कबूल केलं होतं, टिपणंही काढून ठेवली होती. पण या आठवड्यात टपालातून कावीळ निघाली. कागल तालुक्यातल्या एका अंगणवाडीताईंनी लिहिलंय, की त्यांच्या गावात ग्रामपंचायतीचा शिपाई नेमानं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, नळाच्या पाण्याला इतका वास येतो की सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही, आणि तरीही गौरी-गणपती झाल्यावर एकाच आळीत घरटी एक माणूस पिवळं पडलं. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, औषध खोटं की माणूस खोटा, एवढंच सांगा.

ताई, औषध खरं असेल, माणूसही खरा असेल. खोटा आहे तो वास.

पाण्यात पडलेला क्लोरिन जंतू शोधत हिंडत नाही. समोर येईल त्याला भिडतो: कुजलेला पाला, विहिरीत उतरलेलं शेण, पाण्यातलं लोह, आणि गटाराचं पाणी मिसळलं असेल तर त्यातला अमोनिया. अमोनियाशी गाठ पडली की त्याचे क्लोरामाईन बनतात. जंतू मारण्यात हे क्लोरामाईन मोकळ्या क्लोरिनपुढे फारच दुबळे; पण त्यांतले काही वासाला भलतेच उग्र. पोहण्याच्या तलावावर पोरांची गर्दी झाली की डोळे चुरचुरतात आणि नाकात वास बसतो, तो यांचाच. लोक म्हणतात, तलावात औषध जास्त झालंय. बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं. स्वच्छ पाण्यात लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन उरला असेल, तर चहात तो कुणाला कळतही नाही. तुमच्या आळीत नाकाला झोंबणारा वास येत होता, तेव्हा निम्म्याहून अधिक औषध वाटेतल्या घाणीशीच झुंजून संपलेलं असण्याचा संभव मोठा.

मग शिपाई ओटी, म्हणजे ऑर्थोटोल्युडीनची चाचणी, घेतो त्याचं काय? ओटी पॉझिटिव्ह येते, वहीत तशी नोंदही असते. इथे जरा थांबतो, कारण प्रयोगशाळेत होतो तेव्हापासूनचा हा माझा आवडता विषय आहे, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या निम्म्या पाणी-वह्या याच जागी फसतात. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोल्युडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे. इतपत सगळ्यांना पाठ असतं. पण मोकळा क्लोरिन हा रंग लगेच देतो आणि क्लोरामाईन सावकाश देतात. म्हणून रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा असतो. आमच्याकडे काय होतं? नळाशी थेंब टाकले, बूच लावलं, नळी खिशात. मग वाटेत कुणी भेटतं, दोन शब्द होतात, आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत ग्रामसेवकापुढे नळी निघते तेव्हा ती झकास पिवळी असते. नळाशी ती जेमतेम फिकट होती हे कुणी पाहिलेलंच नसतं. त्या वहीत लबाडी काही नसते. नुसता उशीर असतो. (ऑर्थोटोल्युडीन हाताला लागू देऊ नये, ते कर्करोगकारक असल्याचा संशय जुना आहे. गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी मिळाली तर ती वापरा. पण तिचाही रंग लगेचच वाचायचा.)

आता टीसीएलच्या पोत्याकडे. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो; २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर परत करावी असा दंडक आहे. ज्या लोखंडी कपाटात टीसीएल ठेवलंय त्याचा पत्रा आतून गंजून फुगलेला दिसला, की समजावं, गावाचं औषध कपाटानं खाल्लं. विहिरीचं गणित अवघड नाही. व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ३८ हजार लिटरच्या आसपास. हजार लिटरला पाच ग्रॅम धरले तर १९० ग्रॅम. ही पावडर विहिरीत वरून भुरभुरायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली पाऊण भरायची, ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं सोडून द्यायची. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची, दोरानं ती पाण्याखाली सोडून चांगली हिसळायची. चुन्याचा गाळ टाकून द्यायचा. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं आणि उपयोग शून्य.

एवढं सगळं नीट केलं तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे वेळ. क्लोरिनला किमान अर्धा तास लागतो, विहिरीला तासभर द्यावा. गावाची टाकी भरते वीज येईल तेव्हा. लाईट रात्री दोनला आली तर शिपाई दोनला उठतो, मोटर चालू करतो, टाकीवर चढून औषध ओततो. पहाटे बायका हंडे घेऊन उभ्या असतात, म्हणून टाकी पुरती भरायच्या आत व्हॉल्व्ह फिरतो. टाकीजवळच्या घरांना मिळतं ते औषध पडलेलं पाणी. औषध लागू पडलेलं नव्हे. त्या शिपायाला बोल लावायला मी धजत नाही. पाणी उशिरा सोडलं म्हणून शिव्या खाल्लेले खूप पाहिलेत, लवकर सोडलं म्हणून खाल्लेला एकही नाही.

पण ताईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर गढूळपणात आहे, आणि त्यासाठी दिल्लीला जावं लागेल.

साल १९५५. दिल्लीचं पाणी यमुनेतून वझीराबादला उचललं जाई. शहराची घाण वाहून आणणारा नजफगढचा नाला यमुनेला मिळतो तो त्या उपशाच्या जरासा खाली. म्हणजे कागदावर सगळं ठीक. त्या वर्षीच्या पुरानंतर नदीनं पात्र बदललं, आणि नोव्हेंबरात नाल्याचं पाणी उलटं वर सरकून उपशाच्या तोंडाशी आलं. जलकेंद्रातल्या माणसांच्या ते लक्षात आलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती झोपली नव्हती. त्यांनी क्लोरिनची मात्रा वाढवली. आठवडाभरात नदी वळती केली गेली आणि प्रसंग निभावला असं वाटलं. विषमज्वर वाढला नाही. हगवण वाढली नाही. डिसेंबर उजाडला आणि शहर पिवळं पडू लागलं. जानेवारी संपेपर्यंत काविळीचे २९ हजारांहून अधिक रुग्ण झाले.

औषधानं काम केलं होतं, पण अर्धं. विषमज्वराचे, हगवणीचे जिवाणू मेले. काविळीचा विषाणू त्याच पाण्यातून पार झाला. विषाणूंना मारायला एक तर क्लोरिन जास्त लागतो किंवा वेळ जास्त लागतो, आणि गढूळ पाण्यात ते मैलाच्या बारीक कणांच्या आत दडून असतात, तिथवर क्लोरिन पोचतच नाही. म्हणून गढूळपणा आधी काढायचा आणि औषध मग घालायचं. मागच्या दोन हप्त्यांत तुरटी आणि वाळूच्या गाळणीवर मी इतका रेंगाळलो ते यासाठीच. गढूळपणा एक एनटीयूच्या आत हवा, दुसरं पाणीच नसेल तर पाचपर्यंत चालवून घ्या, असं भारतीय मानक सांगतं. पावसाळ्यात नदीवरून थेट उपसा करणाऱ्या किती योजना या आकड्याच्या जवळपास असतात, ते हंड्याच्या तळाशी बसलेला गाळच सांगतो.

दिल्लीच्या त्या साथीला तेव्हा हिपॅटायटिस ए समजलं गेलं. रुग्णांच्या रक्ताचे नमुने मात्र जपून ठेवले होते. चाचण्या उपलब्ध झाल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी संशोधकांबरोबर हे जुने नमुने तपासले आणि १९८० मध्ये जाहीर केलं, की ही ए नव्हे, बीसुद्धा नव्हे. काश्मीरमध्ये १९७८ साली आलेल्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही त्याच वर्षी हेच मांडलं. त्या साथीत गरोदर बायका फार दगावल्या होत्या. पण विषाणू कुणाच्या हाती लागत नव्हता. अखेर मॉस्कोच्या मिखाईल बालायान यांनी जे केलं ते आज कुठलीही समिती करू देणार नाही. अफगाणिस्तानात काविळीनं आजारी पडलेल्या सोवियत सैनिकांच्या मैलापासून बनवलेला गाळीव द्रव ते स्वतः प्यायले. हिपॅटायटिस ए त्यांना आधीच होऊन गेलेली होती, त्यामुळे आता होईल ती दुसरी, हा हिशोब. ३६ दिवसांनी त्यांना सणसणीत कावीळ झाली, आणि त्यांच्याच मैलात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले. हे १९८३ मध्ये छापून आलं. हीच आपली हिपॅटायटिस ई. कोल्हापूर शहरात १९८१ साली पाण्यातून काविळीची साथ आली, इचलकरंजीत २०१२ साली आली. या भागाला ती नवी नाही.

बालायान यांचे ते ३६ दिवस ताईंनी लिहून ठेवावेत. साधारण दोन ते नऊ आठवडे, बहुधा पाच-सहा, एवढा काळ हा विषाणू शरीरात मुकाट असतो. म्हणजे गणपतीनंतर दिसलेली कावीळ श्रावणाच्या आगेमागे प्यायलेल्या पाण्याची आहे. साथ आल्यावर पथक येतं, नमुना घेतं, आणि अहवाल येतो: पिण्यास योग्य. गाव चिडतं, अहवाल विकत घेतला म्हणतं. अहवाल खोटा असेलच असं नाही. तो आजच्या पाण्याचा आहे. शिवाय ती चाचणी कोलिफॉर्म जिवाणूंची असते, आणि दिल्लीनं दाखवलंच आहे की जिवाणू मेले तरी विषाणू उरू शकतो.

तेव्हा आजचा नमुना बाजूला ठेवा आणि श्रावणात काय झालं ते आठवा. आळीतलं गटार उपसलं होतं का? गणपतीआधी रस्ता करताना जेसीबीनं पाइप फोडला आणि त्यावर ट्यूब गुंडाळून काम भागवलं, असं तर नाही? एका कागदावर आळीची घरं काढा, आजारी घरावर फुली मारा, आणि मग जुन्या प्लंबरला बोलावून पाण्याची लाइन कुठून जाते ते आखायला सांगा. लाइन गटारातून किंवा गटाराखालून जिथे ओलांडते, तिथून पुढच्या घरांवरच फुल्या दिसल्या, तर जागा सापडली. आपल्याकडे पाणी तासभर येतं आणि तेवीस तास पाइप रिकामा पडून असतो. दाब उतरला की फुटक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी नळाची पहिली बादली हीच. टाकीत कितीही औषध घातलं तरी ते या बादलीला उरत नाही.

घरात काय करायचं, हेही पत्रात विचारलंय. उकळा. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं तरी पुरे. जळण महाग आहे, सगळ्यांना जमणार नाही, हे मला कळतं; मग गरोदर बाईचा तांब्या आधी उकळा, कारण शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ इतरांपेक्षा तिच्या जिवावर जास्त उठते. लुगड्यानं गाळणं वाईट नाही. बांगलादेशात जुन्या साडीची चारपदरी घडी करून पाणी गाळल्यावर पटकी निम्म्यावर आल्याचं दिसलं, कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि किडे कापडात अडकतात. काविळीचा विषाणू मात्र कापडातून आरामात जातो. आणि दारात कुणी टीडीएस मीटर घेऊन आला, पाण्यात दोन सळ्या बुडवून ते लालभडक करून दाखवू लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. मीटर क्षार मोजतो, जंतू नव्हे. आणि तो लाल रंग बहुधा त्याच्याच लोखंडी सळीचा असतो.

लाइन सापडली, सांधा बदलला, तरी ताई, गावाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. ज्यांनी दुरुस्तीच्या आदल्या दिवशीपर्यंत ते पाणी प्यायलं, त्यांच्यातले काही जण पुढचे सहा-आठ आठवडे पिवळे पडत राहतील. आकडा लगेच खाली येणार नाही. त्या काळात प्लंबरला शिव्या देऊन पुन्हा रस्ता खणायला लावू नका, आणि उकळायचं भांडं दिवाळी झाल्याशिवाय माळ्यावर टाकू नका.