हुनर आहे, वाट हवी

बारावीचा निकाल लागला की नवी मुंबईतल्या आपल्या घरांमध्ये तीच चर्चा सुरू होते. मुलाला इंजिनिअरिंगला घालायचं, की डिप्लोमा करून तळोजा एमआयडीसीत चिकटवायचं? मामू कुवेतला आहेत, त्यांना व्हिसाचं विचारायचं का? मुलगी हुशार आहे, तिला बी.एड. बरं. अशातच एखादा मुलगा हळूच म्हणतो, ‘मला डिझाइन शिकायचंय.’ एखादी मुलगी म्हणते, ‘मला पुढं संशोधन करायचंय.’ घर गप्प होतं. मग कुणीतरी वडीलधारं माणूस विचारतं, ‘त्यानं पोट भरतं का, बेटा?’

हा प्रश्न आम्हाला चुकीचा वाटत नाही. हलाल रोजीची काळजी करणं हे आईबापांचं कामच आहे. अडचण इतकीच, की त्याचं उत्तर घरात कुणालाच ठाऊक नसतं. शिक्षक किंवा इंजिनिअर कसं होतात, ते नात्यागोत्यात विचारलं तरी कळतं. संशोधक, आर्किटेक्ट, लेखक, चित्रकार कसं होतात, हे सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून चांगली मुलं पहिल्या दोन-तीन वर्षांत परत फिरतात. त्यांचा हुनर कमी पडत नाही, माहिती कमी पडते. म्हणून या वाटेवरच्या सुरुवातीच्या काही गोष्टी आम्ही इथं मांडत आहोत. त्या विद्यार्थ्यांसाठी आहेत, तितक्याच त्यांच्या अम्मी-अब्बांसाठीही.

संस्था दाराशीच आहेत

बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तळोज्याच्या मुलांना ती खारघरमधून घेऊन जाते. त्याच खारघरमध्ये कपडे आणि फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्ट या राष्ट्रीय संस्थेचं मुंबई केंद्र आहे. तिथंच टाटा मेमोरियल सेंटरची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे आणि तिथं पीएच.डी. करता येते.

पुढं नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिचा वारसा कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेपर्यंत जातो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून ते काम अलिबागला हलवलं गेलं आणि तिथली वेधशाळा १९०४ पासून नोंदी घेऊ लागली. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा इतका जुना अभ्यास आपल्या शेजारी चालतो, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? नवीन पनवेललाच अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे. तिथं इंजिनिअरिंग आणि फार्मसीबरोबर आर्किटेक्चरही शिकवतात. १८७४ साली ज्यांनी अंजुमनची पायाभरणी केली, त्यांनी तालीम हाच कौमच्या उभारणीचा रस्ता मानला होता.

पहिला सल्ला म्हणूनच साधा आहे. आवडीच्या विषयाची संस्था कुठं आहे ते शोधा, तिथं जा, तिथल्या शिकणाऱ्या मुलांशी बोला. प्रवेश परीक्षा कोणती आणि अर्ज कधी निघतात, ते वर्षभर आधी लिहून ठेवा. अर्जाची तारीख हुकली की एक वर्ष गेलं, आणि मग तेवढ्यावरून घरात जुनी चर्चा पुन्हा सुरू होते.

संशोधनाची वाट

‘पीएच.डी. म्हणजे तिशीपर्यंत फुकट शिकत बसणं’ असा समज आहे. तसं नाही. एम.ए., एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासून नेट परीक्षा देता येते. विज्ञानाच्या बहुतेक विषयांसाठी सीएसआयआरची नेट असते, इतर विषयांसाठी यूजीसीची. त्यात वरच्या क्रमांकानं उत्तीर्ण होणाऱ्यांना ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ मिळते. ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनी पुढच्या टप्प्यावर ४२,००० रुपये होते. जून २०२४ पासून यूजीसी-नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. सेट ही परीक्षा आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिच्यामुळे प्राध्यापकीची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही. हा फरक माहीत नसल्यानं अनेक जण दोन-तीन वर्षं एकाच परीक्षेत अडकतात.

एक वाट मात्र बंद झाली, तेही सांगायला हवं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली होती. ती बंद केल्याचं केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. तिच्या आधारानं आपल्या अनेक मुलामुलींनी संशोधन केलं होतं, त्यामुळे आम्हाला त्याची खंत आहे. पण आता जेआरएफची तयारी अधिक गांभीर्यानं करणं हाच इलाज उरतो. तिची वयोमर्यादा साधारण ३० वर्षं आहे आणि मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहून नॉन-क्रिमीलेअरचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐन वेळी कचेरीच्या खेट्यांत अर्जाची मुदत संपते.

मार्गदर्शक निवडताना त्यांचं नाव किती मोठं आहे, एवढंच पाहू नका. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण चार घरी चौकशी करतो, तशी इथंही करा. त्यांचे विद्यार्थी किती वर्षांत मोकळे होतात? सर किंवा मॅडम महिन्यातून कितीदा भेटतात? लिहिलेलं वाचून परत देतात का? हे त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

दुसऱ्याचं लिखाण उचलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांच्या वर गेलं तर तो दुरुस्तीला परत येतो आणि साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. आपल्यासाठी हा केवळ नियमाचा भाग नाही. दुसऱ्याचं वाक्य ही त्याची अमानत आहे. पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांपासूनही लांब राहा. तो पैसाही जातो आणि नावही.

या संदर्भात आम्हाला डॉ. यू. म. पठाण आठवतात. मराठी हा त्यांचा विषय. संत साहित्य आणि महानुभाव साहित्य यांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, मराठवाडा विद्यापीठात शिकवलं आणि १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. ‘हा विषय आपला नाही’ असं कोणी म्हणालं, तर मुलांना हे वर्ष सांगा.

कलेची वाट

बार्शीच्या एका गरीब घरातला मेहबूब हुसेन पटेल गाडीवर क्लीनर होता, गिरणी कामगार होता. तोच पुढं शाहीर अमर शेख झाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याचा आवाज गावोगाव पोहोचला. पोटासाठी दुसरं काम करत कला जोपासणं ही लाज नाही. सकाळी शिकवणी घ्या, दुकानात हिशेब ठेवा, पण दिवसाचा एक तास आपल्या कामाचा राखून ठेवा. पाच वेळच्या नमाजनं वेळ पाळण्याची जी सवय लावली आहे, ती इथं उपयोगी पडते.

सुरू केलेलं काम पूर्ण करा. अर्धवट वीस चित्रांपेक्षा पुरी झालेली पाच चित्रं तुमच्याविषयी जास्त सांगतात. प्रत्येक कामावर तारीख घाला आणि त्याची प्रत जपून ठेवा.

मग येतो पैशांचा प्रश्न. तरुण कलावंत संकोचानं मोबदल्याचं बोलत नाहीत आणि तिथंच फसतात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी कुरआनची शिकवण आहे. ती कामाच्या करारालाही तितकीच लागू आहे, असं आम्हाला वाटतं. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही हेच मागतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरते मानले जातात. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. एवढं माहीत असलं तरी ‘सगळे हक्क कायमचे’ असं लिहिलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी हात थांबेल. ‘पैसे नाहीत, पण नाव होईल’ असं कुणी म्हणालं तर एखाद्या वेळी मदत म्हणून काम करा, त्याची सवय लावू नका.

काही घरांत शंका असते, हे दीनमध्ये बसतं का? त्याविषयी जाणकार आलिमांना जरूर विचारा. पण कला म्हणजे फक्त सिनेमा नव्हे. खुशनवीसी, इमारतींची रचना, कापडावरची नक्षी, पुस्तकांची मांडणी, मुलांसाठी गोष्टी लिहिणं, हेही त्यातच येतं. यातल्या कितीतरी हुनरांना आपल्याच बुजुर्गांनी वैभव दिलं.

घरानं काय करावं?

मुलाला नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू नका. एकत्र बसून मुदत ठरवा. ‘दोन वर्षं घर तुझा खर्च उचलेल, त्यात तू ही परीक्षा देशील, इतकं काम पूर्ण करशील, नंतर पुन्हा बसू.’ हे कागदावर असलं की मुलालाही दिशा मिळते आणि रोजचे टोमणे थांबतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. प्रयोगशाळेत उशीर होतो, अभ्यासासाठी बाहेरगावी जावं लागतं. वेळ काय, सोबत कोण, गाडी कोणती, हे आधीच ठरवा, म्हणजे संध्याकाळी सात वाजता दारात भांडण होणार नाही. निकाहची बोलणी करताना शिक्षण पूर्ण करण्याचं स्पष्ट बोला आणि ती अट निकाहनाम्यात लिहून घ्या. असं लिहिण्याला मनाई नाही. तोंडी ‘शिकू देऊ की’ म्हणणारे पुष्कळ असतात. अर्धवट सुटलेले प्रबंध मात्र मुलींच्या कपाटात पडून राहतात.

‘त्यानं पोट भरतं का?’ हा प्रश्न पुढच्या मे महिन्यातही विचारला जाईल. तेव्हा कुणी गप्प बसू नये. मुलानं अर्जाची तारीख सांगावी, मुलीनं फेलोशिपचा आकडा सांगावा आणि अब्बांनी म्हणावं, ‘चल, आधी ती संस्था पाहून येऊ.’ मेट्रोनं फार वेळ लागत नाही.