सिगारेट सोडणाऱ्याला सोबत हवी, आधी सोडलेल्यांची



आरोग्यावरचे लेख आपल्याकडे बहुधा डॉक्टर सभासद लिहितात. मी बँकेतून निवृत्त झालेला, वाणिज्य शाखेचा माणूस. औषधोपचारावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. पण सिगारेट-बिडी सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या मंडळींत माझे रोजचे उठणे-बसणे आहे आणि मीही सोडलेल्यांपैकीच आहे. सकाळी नेहरू पार्कात फिरायला येणाऱ्यांत आमच्यासारखे पाच-सहा जण सहज सापडतात. सोडणाऱ्याला उपदेशापेक्षा अशा माणसांची सोबत जास्त उपयोगी पडते. ती का आणि ती कशी द्यावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

इच्छा असतेच

सन २०१६-१७ मध्ये केंद्र सरकारने प्रौढांच्या तंबाखू सेवनाची देशभर पाहणी केली. तीत १५ वर्षांवरील १०.७ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले. सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे अधिक होते. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक सोडण्याचा विचार करत होते किंवा तसे ठरवून बसले होते. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांना सोडायचीच आहे. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने आणि सूचनेने व्यापलेला असतो. ते चित्र रोज दहा वेळा पाहणाऱ्याला "अहो, हे वाईट आहे" असे अकराव्यांदा सांगून नवीन काही कळत नाही. त्याला हवे असते ते वेगळेच. पहिले तीन दिवस कसे काढायचे, चहानंतर हाताचे काय करायचे, रात्री झोप लागली नाही तर काय, हे त्याला विचारायचे असते. आणि याचे उत्तर त्यातून गेलेल्या माणसाकडेच असते.

शरीर काय करते

झुरका घेतला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचते. मेंदूला त्याची सवय होते आणि ते मिळाले नाही की तो कुरकुर करतो. चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे, वारंवार भूक लागणे, झोपमोड ही त्याचीच लक्षणे. पहिले दोन-तीन दिवस हा त्रास सर्वांत जास्त असतो. पुढे दोन ते चार आठवड्यांत तो बराच ओसरतो. मधूनमधून येणारी तल्लफ जोरदार असली तरी ती बहुधा काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ निभावला की ती लाट उतरते.

पुस्तकांत सहसा ठळकपणे न येणाऱ्या काही गोष्टी आमची मंडळी एकमेकांना सांगतात. पहिली म्हणजे पोट. सकाळी बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही, अशी अनेकांची तक्रार असते आणि लाजेने ती डॉक्टरांनाही सांगितली जात नाही. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकते, हे खरे आहे. कोमट पाणी, भाज्या-फळे, गरज पडल्यास इसबगोल आणि थोडे चालणे यांनी ते आटोक्यात येते. याच कारणासाठी पुन्हा बिडी पेटवणारे आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

दुसरी म्हणजे खोकला. सोडल्यावर काहींचा खोकला थोडे दिवस वाढतो, तोंडही येते. "ओढत होतो तेव्हा बरा होतो" असे वाटू लागते. श्वासनलिकेतील साफसफाई करणारे सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागल्याने कफ बाहेर पडत असतो. तो लांबला किंवा रक्त दिसले, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी म्हणजे चहा. धूम्रपान थांबले की चहा-कॉफीतील कॅफीन शरीरात पूर्वीपेक्षा जास्त वेळ टिकते. त्यामुळे नेहमीचे पाच कप घेतले तर धडधड आणि बेचैनी वाढते आणि माणूस ती सिगारेटच्या खाती जमा करतो. कप निम्मे करावेत. दमा, मधुमेह, मानसिक आजार यांची औषधे चालू असलेल्यांनी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना कल्पना द्यावी. काही औषधांचे प्रमाण बदलावे लागते.

सोबतीचा परिणाम

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे गाव आहे. तेथे १९४८ पासून हृदयविकाराचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातील १२,०६७ लोकांची १९७१ ते २००३ या काळातील माहिती घेऊन निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कोणाचे कोणाशी नाते वा मैत्री आहे आणि कोणी कधी धूम्रपान सोडले, याची त्यांनी सांगड घातली. पती किंवा पत्नीने सोडले तर दुसऱ्याने धूम्रपान करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मित्राने सोडले तर ३६ टक्क्यांनी, भावंडाने सोडले तर २५ टक्क्यांनी. लहान कचेरीतील सहकाऱ्याने सोडले तर ३४ टक्क्यांनी. एकमेकांच्या ओळखीतले लोक घोळक्याघोळक्याने सोडत होते, असे त्यांना आढळले.

आपल्याला हे नवल वाटू नये. सिगारेट लागते तीही सोबतीनेच. कॉलेजचा कट्टा, कचेरीबाहेरची पानाची गुमटी, गणेशोत्सवात मांडवामागे रात्री बारानंतर जमणारी मंडळी, लग्नातले जानवसे ही तिची ठिकाणे. सोडणाऱ्याची सिगारेट जाते, पण तिच्याबरोबर ती बैठकही जाते. निवृत्त माणसाला तर हा तोटा फार जाणवतो, कारण दिवसातल्या गप्पा तेवढ्याच असतात. त्या जागी दुसरी बैठक मिळाली नाही, तर आठ-पंधरा दिवसांत पाय आपोआप गुमटीकडे वळतात. आमच्याकडे फिरून झाल्यावर सगळे मिळून पोहे खातात. त्यात औषधी गुण काही नाही, पण सकाळची पहिली सिगारेट ज्या अर्ध्या तासात पेटायची, तो अर्धा तास भरून निघतो.

घसरल्यावर

सोबतीची खरी गरज लागते ती एखादी ओढली गेल्यावर. बहुतेकांच्या बाबतीत हे केव्हातरी घडते. पहिल्याच प्रयत्नात कायमची सुटणारे थोडेच असतात.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक आहेत. एकवीस दिवस त्यांनी उत्तम काढले. घरात कौतुक झाले, मुलीने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितले. पुढे एका लग्नात जुने मित्र भेटले आणि एक सिगारेट ओढली गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे फिरायला येणे बंद झाले. एवढ्या कौतुकानंतर कोणत्या तोंडाने सांगायचे, असे त्यांना झाले. घरी लपवण्यासाठी गच्चीवर जाणे, बडीशेप खाणे सुरू झाले. दीड महिन्यात आकडा पूर्वीइतका झाला. एका सिगारेटने हे केले नाही. ती लपवावी लागली, त्याने केले.

आमच्यातले एक काका मग त्यांच्या घरी गेले. सिगारेटचा विषय त्यांनी काढला नाही. आपण स्वतः चार वेळा सोडून चारही वेळा कसे परत सुरू झालो, तेवढे सांगितले. शेवटी सर आपणहून म्हणाले, "काका, माझीही सुरू झाली आहे."

"काल किती?"

"आठ."

"बरं. उद्या सकाळी सहाला येता ना?"

एवढेच संभाषण. सर दुसऱ्या दिवशी आले. दोन आठवड्यांनी त्यांनी नवा दिवस ठरवून सोडली. संक्रांतीला त्यांना आठ महिने झाले.

घरच्यांना हे जमले नसते, आणि यात त्यांचा दोष नाही. बायको-मुलांना काळजी असते. घसरल्याचे कळले की त्यांच्या चेहऱ्यावर निराशा दिसते आणि सोडणाऱ्याला ती सहन होत नाही. डॉक्टरांपुढे संकोच वाटतो. ज्याने स्वतः हे सगळे केले आहे त्याच्यापुढे मात्र लपवण्यासारखे काही उरत नाही.

बँकेतले उदाहरण देतो. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक ठरते. एक हप्ता चुकला म्हणून कोणी कर्ज बुडीत धरत नाही. हप्ता चुकल्यावर जो ग्राहक स्वतः शाखेत येऊन सांगे, त्याच्यासाठी काही ना काही मार्ग निघे. जो फोन उचलेनासा होई, त्याचे खाते बुडे. सिगारेटचेही तसेच आहे. घसरलेल्याने त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे, आणि ऐकणाऱ्याने त्याला दुसऱ्या दिवशीही सांगावेसे वाटेल असे वागावे.

सोडलेल्यांनी काय करावे, काय टाळावे

- एकाने एकाची जबाबदारी घ्यावी. पहिले दहा दिवस रोज ठरलेल्या वेळी फोन करावा, पुढे आठवड्यातून दोनदा. तल्लफ आली तर त्याने केव्हाही फोन करावा, असे सांगून ठेवावे. पाच मिनिटे क्रिकेटवर बोलले तरी चालते.
- सोडण्याचा दिवस त्यालाच ठरवू द्यावा. घरात लग्नकार्य किंवा हिशेबाची धावपळ असेल तो आठवडा टाळावा. आदल्या रात्री पाकीट, लायटर, राखदाणी घराबाहेर काढावी.
- "मी तर एका झटक्यात सोडली" ही फुशारकी मारू नये. ऐकणाऱ्याला आपण कमी आहोत असे वाटते.
- निकोटिनच्या च्युइंगमला हसू नये. तो कमकुवतपणा नव्हे. मात्र तो पानासारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून, चव तीव्र लागली की गालात धरून ठेवायचा आणि चव गेली की पुन्हा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घेऊ नये. २ की ४ मिलिग्रॅमचा घ्यावा, तसेच गोळ्यांची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.
- सिगारेटऐवजी तंबाखू, गुटखा किंवा तंबाखूचे पान सुरू झाले तर त्याला सोडणे म्हणता येत नाही. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर. बिडी पानाची, म्हणून सौम्य, हाही गैरसमज आहे.

घरच्यांसाठी एवढेच, की रोज खिसे तपासू नयेत आणि पाहुण्यांसमोर विषय काढू नये. पहिले पंधरा दिवस चिडचिड होईल हे धरून चालावे. वजन चार-पाच किलो वाढू शकते, त्यावरून टोमणे मारू नयेत.

"आता या वयात सोडून काय उपयोग?"

हा प्रश्न आपल्या वयाच्या मंडळींत हमखास येतो. ब्रिटनमध्ये १९५१ पासून पुरुष डॉक्टरांच्या सवयींचा आणि आयुष्याचा अभ्यास झाला. त्याच्या पन्नास वर्षांचे निष्कर्ष रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षांनी कमी भरले. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांची सुमारे दहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचीही सुमारे तीन वर्षे वाचली. तीन वर्षांत नातवाची दहावीची बारावी होऊन कॉलेजही सुरू होते.

पैशाचा हिशेबही मांडतो. सिगारेट १५ रुपयांची धरली आणि रोज दहा ओढल्या, तर दिवसाला १५० आणि महिन्याला ४,५०० रुपये. तेच दरमहा आवर्ती ठेवीत साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षे टाकले, तर भरणा २ लाख ७० हजार होतो आणि हाती सुमारे ३ लाख १९ हजार येतात.

मदत कोठे मिळेल

सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ पासून चालते. तेथील समुपदेशक हिंदीत बोलतात आणि ठरलेल्या दिवसांनंतर पुन्हा फोन करून विचारपूसही करतात. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर मार्गदर्शनाचे संदेश येऊ लागतात.

ही सोय उत्तम आहे, तिचा उपयोग जरूर करावा. पण सकाळी सहाला दाराशी येऊन हाक मारणारा माणूस आपल्यातलाच लागतो. आपल्या सभासदांत सोडलेले बरेच आहेत. त्यांनी आपल्या ओळखीतल्या एकाला या आठवड्यात फोन करावा, आणि सिगारेटचा विषय त्याने काढेपर्यंत थांबावे. ज्यांना सोडायची आहे त्यांनी अशा एखाद्याला गाठून दिवस ठरवावा. थंडीत पार्कात थोडे उशिरा, साडेसहाला जमतो. पोह्यांचे पैसे आळीपाळीने.