अंतराळातून बोलायचं तरी लायसन लागतं! हॅम रेडिओचे नियम सोप्या भाषेत

४ जुलै २०२५ रोजी अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या मुलांशी बोलले. मोबाईलवर नाही, तर हॅम रेडिओवर. ही बातमी टपरीवर वाचून दाखवली तेव्हा एका पोराने विचारलं, "दादा, तिथं वर कोण पोलीस येणार हाय लायसन बघायला?" प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणून ही माहिती.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

परवाना असलेल्या हौशी लोकांचा हा बिनतारी रेडिओ. प्रत्येकाला सरकारकडून एक संकेतनाव मिळतं, गाडीच्या नंबर प्लेटसारखं. त्यावर धंदा करता येत नाही. म्हणजे कांद्याचा सौदा हॅमवर ठरवायचा नाही. गुप्त भाषेतही बोलायचं नाही, कुणालाही ऐकता आलं पाहिजे.

वर कुणाचा कायदा?

स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर वर आहे. पण ते कुणा एका देशाचं नाही. १९९८ च्या करारानुसार ज्या देशाने जो भाग नोंदवला, त्या भागावर त्याचा कायदा. शेत सामाईक दिसलं तरी सातबारा वेगवेगळा, तसंच हे. म्हणून तिथल्या रेडिओला अमेरिकेचं संकेतनाव एनए-१-एसएस आणि रशियाचं आरएस-०-आयएसएस अशी वेगवेगळी नावं आहेत.

अमेरिकेच्या नियमात तर जमिनीपासून ५० किलोमीटरच्या वर असलेलं हौशी केंद्र हे 'अंतराळ केंद्र' धरलं जातं. अंतराळातून हॅमवर पहिल्यांदा बोलले ओवेन गॅरियट, १९८३ साली कोलंबिया यानातून. तेही स्वतःच्याच संकेतनावाने, डब्ल्यू-५-एलएफएल.

मग त्या मुलांना लायसन होतं का?

मुलांना लागत नाही. लायसनधारक माणूस शेजारी बसून सेट सांभाळतो, जबाबदारी त्याची. वेळही थोडाच मिळतो. स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं, त्यामुळे एका जागेवरून ते जेमतेम दहा मिनिटं टप्प्यात राहतं.

उपग्रह सोडायचा असेल तर?

नियम आणखी कडक. आधी हौशी रेडिओवाल्यांच्या जागतिक संघटनेकडून लहरी ठरवून घ्यायच्या, मग आपल्या सरकारची परवानगी. सगळ्यात मोठी अट म्हणजे, दुसऱ्याच्या लहरीत अडथळा आला तर जमिनीवरून तो रेडिओ लगेच बंद करता आला पाहिजे. तशी सोय उड्डाणाच्या आधीच लागते. कारण वर जाऊन बटण दाबणारा कुणी नसतो.

आपल्या देशाने ५ मे २००५ ला श्रीहरिकोटाहून 'हॅमसॅट' सोडला. तो २०१४ पर्यंत चालला, जगभरचे हौशी त्यावरून बोलले. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला साधारण एक किलोचा 'स्वयं' उपग्रह २२ जून २०१६ ला गेला. तोही हॅमवाल्यांचे निरोप पोहोचवण्यासाठीच.

आपल्या पोरांना लायसन मिळेल का?

मिळेल. वयाची १२ वर्षं पूर्ण पाहिजेत. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते, अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवर ऑनलाईन होतो. रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग असतात. वरच्या श्रेणीला मोर्सची कट्ट-कडकट्टही यावी लागते. विज्ञान आवडणाऱ्या पोराला हे अवघड नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. रानडुकरांच्या राखणीला म्हणून आमच्या भागात काहींनी ऑनलाईन वॉकीटॉकी मागवले. कमी ताकदीच्या ठराविक सेटला सूट आहे, पण सगळ्यांना नाही. घेण्याआधी तो सेट सुटीत बसतो का, हे तपासा. अंतराळवीराला जो नियम चुकला नाही, तो बांधावर उभं राहून आपल्यालाही चुकणार नाही.