पालीचे पिल्लू आणि जिवंत मालाचा धंदा

कापडाच्या धंद्यात किडा म्हणजे दुश्मन. गोदामात कसर लागली की तागेच्या तागे बाद होतात, म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्यात आमची उभी हयात गेली. त्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे मासे-पक्ष्यांच्या काही दुकानांतून किडे डबीत भरून विकले जातात, हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हाला हसू आले. हिशेब ऐकल्यावर मात्र हसू थांबले.

हे किडे घेणारे गिऱ्हाईक पाल पाळते. भिंतीवरची आपली पाल नव्हे. ही लेपर्ड गेको. अंगावर ठिपके, राहणे जमिनीवर, आणि घरातल्या पालीला नसतात तशा मिटणाऱ्या पापण्या. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य हिंदुस्थानच्या कोरड्या मुलखातली. नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षे जगते. म्हणजे विकणाऱ्याच्या दृष्टीने पाहा : पाल एकदाच विकली जाते, तिचा खुराक वर्षानुवर्षे. पण पिल्लू पहिल्या महिन्यातच उपाशी मेले, तर पालही गेली आणि गिऱ्हाईकही गेले.

पिल्लू उपाशी का राहते? अंड्यातून निघते तेव्हा त्याचे वजन जेमतेम ३ ग्रॅम. पहिले काही दिवस ते पोटातल्या बलकावर काढते, पहिली कात टाकते आणि मग शिकारीला लागते. किडा हलला तरच त्याला ते खाणे वाटते. मेलेला किडा समोर असला तरी बहुधा ढुंकून पाहत नाही. घरी आणल्यावर पोरे दर तासाला हातात घेतात, तिथे भूक मरते. चार-पाच दिवस हात लावू नये, लपायला आडोसा द्यावा, पाण्याची उथळ वाटी ठेवावी.

किड्याला नावे ठेवण्याआधी ऊब तपासावी. या जनावराचे पचन पोटाखालच्या उबेवर चालते. पेटीचा एक कोपरा ३१ ते ३३ अंश असावा, दुसरा थंड. बदलापूरकडे जानेवारीच्या रात्री चांगला गारठा पडतो. तेव्हा हीटिंग मॅट आणि तिच्यावर थर्मोस्टॅट हवाच. ऊब नसेल तर खाल्लेलेही पोटात तसेच राहते.

किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. लहान रातकिडे किंवा मीलवर्म चालतात. वेळ दिवेलागणीची, कारण ही पाल संधिप्रकाशात हिंडते. पिल्लाला रोज द्यावे. मीलवर्म गुळगुळीत उथळ वाटीत वळवळत ठेवावा किंवा चिमट्यात धरून हळू हलवावा. तरीही नाकारले तर त्याचा रस ओठाला लावावा. पिल्लू जीभ फिरवते आणि पुष्कळदा चव लागते. तोंड उघडून कोंबू नये. न खाल्लेले रातकिडे रात्रभर आत सोडू नयेत, ते उलट पिल्लालाच चावतात. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, पालेभाजी खाऊ घालून वर कॅल्शियमची पावडर लावावी. नाहीतर पिल्लाची हाडे व जबडा मऊ पडतो. चरबीचा साठा शेपटीत असतो. शेपटी बारीक होऊ लागली की पिल्लू जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे. गटाराकाठचे किडे फुकट मिळतात, पण त्यांच्यावर औषधफवारणी झालेली असू शकते. असला फुकटचा माल महाग पडतो.

आता धंद्याचे. मीलवर्म घरी वाढवायला भांडवल म्हणजे दोन-तीन ट्रे, ओलाव्यासाठी गाजराच्या चकत्या आणि धान्यबाजारातून आणलेला गव्हाचा कोंडा. भुंगे अंडी घालतात, अळी दोन-अडीच महिन्यांत भरते, पुढे कोष आणि पुन्हा भुंगा. भरलेली अळी फ्रिजच्या कमी थंड कप्प्यात ठेवली की तिची वाढ मंदावते. विक्री थंडावली तर माल असा निजवून ठेवता येतो. ही सोय आमच्या कापडालासुद्धा नाही! पावसाळा मात्र वैरी. कोंडा दमट झाला की बुरशी आणि बारीक कोळीकिडे सगळा ट्रे खातात. म्हणून जूनपासून कोंडा भाजून, थोडा थोडा घालावा. गाजर रोज बदलावे. आणि हे ट्रे कपड्यांच्या कपाटाजवळ ठेवू नयेत. डांबराची गोळी कसरीला मारते तशी यांनाही मारते.

कायद्याची बाजूही पाहावी. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथली पाल किंवा कोणताही जीव पकडून आणणे हा गुन्हा आहे. पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. टोके गेको २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहे, तेव्हा कोणी स्वस्तात देऊ केली तरी दूर राहावे. लेपर्ड गेको घेतानाही ती पैदाशीची आहे का हे विचारून पावती घ्यावी आणि दुकान सोडण्यापूर्वी पिल्लाला आपल्यासमोर एक अळी खाऊ घालायला सांगावे. जे पिल्लू दुकानातच खात नाही, ते त्या दिवशी घरी आणू नये.