परदेशी निघालेल्या रुग्णाची औषधांची पिशवी

चारकोपमध्ये चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याला मार्च-एप्रिल महिन्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "डॉक्टर, सहा महिन्यांची औषधे एकदम बांधून द्याल का? मुलीकडे निघालो आहोत." १९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून ही वसाहत उभी राहिली. त्या वेळी येथे संसार थाटलेली तरुण जोडपी आज सत्तरीला टेकली आहेत आणि त्यांची मुले न्यू जर्सी, मेलबर्न, दुबई, सिंगापूर येथे स्थिरावली आहेत. आम्ही आनंदाने पुड्या बांधतो, प्रवासाला शुभेच्छा देतो आणि आपले कर्तव्य संपले असे समजतो. ते तेथे संपत नाही, हे आम्हांस एका अनुभवाने शिकविले. त्या अनुभवात दोष सर्वस्वी आमचाच होता.

आमच्याकडील एक आजी मुलीच्या बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियास निघाल्या. स्वतःच्या संधिवातासाठी आम्ही दिलेल्या तीन महिन्यांच्या कागदी पुड्या, मुलीसाठी डिंकाचे लाडू व शतावरी कल्प, आणि येणाऱ्या नातवंडासाठी बाळगुटीची मुळे : वेखंड, अतिविष, मुरुडशेंग, मायफळ, हळकुंड, काकडशिंगी, असा त्यांचा जामानिमा होता. विमानात मिळणारे प्रवेशपत्र शेजारच्या तरुणाने भरून दिले. 'खाद्यपदार्थ, वनस्पतिजन्य पदार्थ, औषधे आहेत काय?' या साऱ्या प्रश्नांपुढे त्याने भाबडेपणाने 'नाही' अशी खूण केली. आजींनी सही केली. पुढे बॅग उघडली गेली तेव्हा पुड्यांवर ना नाव, ना घटक, ना बनविणाऱ्याचा पत्ता. फक्त आमच्या हस्ताक्षरातील 'स.दु.रा.' एवढेच. दीड-दोन तास चौकशी झाली, सर्व औषधे व मुळे नष्ट करण्यात आली आणि लेखी ताकीद मिळाली. आजींना दंड झाला नाही. पण त्या रात्री त्यांचा रक्तदाब किती चढला असेल, याची कल्पना वैद्यांनी करावी. अधिकाऱ्यांनी त्यांच्या नियमांप्रमाणेच केले. पुड्यांवर लेबल नव्हते, ते आम्ही लावले नव्हते.

त्यानंतर आम्ही हा विषय थोडा मुळापासून समजून घेतला.

परदेशी विमानतळावर प्रवाशाची गाठ तीन वेगवेगळ्या दृष्टींशी पडते. पहिली इमिग्रेशनची. तिला माणसाशी कर्तव्य आहे : हा कोण, कशासाठी आला, किती दिवस राहील, खर्च कोण करील आणि परत जाईल ना. दुसरी कस्टमची. तिला वस्तूंशी व पैशांशी कर्तव्य आहे. तिसरी कृषी किंवा जैवसुरक्षा खात्याची. तिला कीड, बी, माती आणि जनावरांचे रोग दिसतात. आमचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक पहिलीला फार घाबरतात आणि तिसरीकडे दुर्लक्ष करतात. आयुर्वेदीय औषधांची अडचण मात्र बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या ठिकाणीच होते.

पहिल्या टप्प्याविषयी थोडक्यात. उत्तर खरे, लहान आणि कागदांशी जुळणारे असावे. इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागण्यात कमीपणा नाही. "बाळ सांभाळायला आले" या साध्या मराठी वाक्याचे इंग्रजीत भाषांतर करताना 'आयाचे काम' असा अर्थ निघू शकतो आणि पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. "मुलीला भेटायला आले, तिला बाळ होणार आहे" हे तितकेच खरे आहे आणि त्यात गैरसमजाला जागा नाही. मुलाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून हातात ठेवावा. भ्रमणध्वनी बंद पडतो, कागद बंद पडत नाही.

येथे स्वतः वैद्यांसाठी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. नातेवाइकांकडे जातो म्हणून भेटीच्या व्हिसावर जायचे, बरोबर औषधांची मोठी पेटी न्यायची आणि तेथील मराठी मंडळींच्या घरी नाडीपरीक्षा करून औषधे द्यायची, असा बेत आपल्यापैकी काही जण आखतात. त्यास 'सेवा' म्हटले तरी त्या देशांच्या लेखी ते काम आहे. पेटीत एकाच औषधाच्या चाळीस डब्या आणि खिशात भेटींच्या वेळांची यादी सापडली, तर स्पष्टीकरण द्यायला जागा उरत नाही. अमेरिकेत अशा प्रवाशास तत्काळ परत पाठविण्याचा आदेश निघाला तर सर्वसाधारणपणे पाच वर्षे प्रवेश बंद होतो. तिकडे मुले असलेल्या वैद्याला पाच वर्षे म्हणजे किती, हे सांगायला नको.

आता वस्तूंकडे वळू. आपल्या औषधांकडे पाश्चात्त्य देशांत संशयाने का पाहिले जाते, हे आधी समजून घेतले पाहिजे. "त्यांना आयुर्वेदाचा द्वेष आहे" असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. २००४ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या साप्ताहिकात आयुर्वेदीय औषधांशी संबंधित शिसे-विषबाधेच्या १२ रुग्णांचा अहवाल आला. त्याच वर्षी डॉ. रॉबर्ट सेपर व सहकाऱ्यांनी बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. २००८ साली इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ उत्पादनांवरही तसाच अभ्यास झाला. तेथेही प्रमाण सुमारे एकपंचमांशच निघाले आणि रसकल्पांत ते वनस्पतिज कल्पांच्या दुपटीहून अधिक होते. शोधित व मारित पारद आणि कच्चा पारा यांतील भेद आम्ही जाणतो. प्रयोगशाळेतील यंत्र मात्र फक्त मूलद्रव्य मोजते. कस्टम अधिकाऱ्याला भस्माची वारितर-परीक्षा समजावून सांगण्याची जबाबदारी सत्तर वर्षांच्या आजीवर टाकणे योग्य नव्हे. शिवाय विनारसौषधी म्हणून विकलेल्या काही चूर्णांतही शिसे निघाले होते. याचे उत्तर संस्कारशास्त्रात नाही, ते आपल्या उत्पादनशुद्धीतच शोधावे लागेल. भारत शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली, ती याच पार्श्वभूमीवर. पण रुग्णाच्या बॅगेतून जाणारे औषध ही निर्यात नसल्याने ते या गाळणीतून जातच नाही.

म्हणून आमचा स्पष्ट अभिप्राय असा की, प्रवासी रुग्णास शक्यतो रसकल्प देऊ नयेत. आरोग्यवर्धिनीचे उदाहरण घ्या. तीत पारद, गंधक व ताम्र आहेच. पण निम्मा भाग कुटकीचा आहे, आणि कुटकी ही संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापारावरील 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९७ पासून समाविष्ट आहे. जटामांसी व सर्पगंधा याच परिशिष्टात आहेत. कुष्ठ तर १९८५ पासून पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला आई प्रेमाने सारस्वत चूर्णाची डबी देते. त्याचा पहिलाच घटक कुष्ठ आहे आणि त्यात वेखंडही आहे, ज्याचा खाद्यपदार्थांत वापर अमेरिकेने १९६८ पासून बंद केला आहे. औषध विक्रेत्यांनी डबी हातात देण्यापूर्वी "कोणत्या देशात?" एवढे विचारले तरी पुष्कळ.

भांग व अफू यांविषयी तर कोणतीही सवलत गृहीत धरू नये. भांगेची पाने आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. त्यामुळे जातिफलादि चूर्णासारखा विजयायुक्त कल्प येथे कायदेशीररीत्या मिळतो. दुबई किंवा सिंगापूरच्या विमानतळावर हा युक्तिवाद चालत नाही. तेथे हा फौजदारी गुन्हा ठरतो, मग औषधी मात्रा कितीही अल्प असो. एवढेच कशाला, संयुक्त अरब अमिरातीत खसखसही निषिद्ध वस्तूंत मोडते आणि सिंगापूरमध्येही तिच्यावर अमली पदार्थविरोधी यंत्रणेचे नियंत्रण आहे. दिवाळीत लेकीकडे अनारसे घेऊन जाणाऱ्या आईच्या हे स्वप्नातही येत नाही. औषधाच्या लेबलावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' ही सूचना दिसली तर त्यात औषधे नियमांच्या ई(१) परिशिष्टातील विषद्रव्य आहे असे समजून घटक पुन्हा वाचावेत.

आसवारिष्टांची अडचण वेगळी. त्यांतील मद्यार्क स्वयंजात असला तरी तो मद्यार्कच, आणि कुवेतसारख्या मद्यबंदीच्या देशात दशमूलारिष्टाची बाटली नेणे धोक्याचे आहे. त्याऐवजी वटी किंवा क्वाथाची भरड द्यावी. शिवाय २००६ पासून हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतील द्रव नेता येत नाही असा नियम रूढ झाला. काही विमानतळांवर नवी यंत्रे आल्याने तो आता शिथिल होत आहे, पण परतीच्या विमानतळावर तो लागू असणारच नाही याची खात्री कोणी देत नाही. चूर्णाबाबतही २०१८ पासून अमेरिका व ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या विमानांत हातातील सामानात ३५० मिलिलिटर आकारमानापेक्षा अधिक भुकटी असल्यास जादा तपासणी होते. अश्वगंधा चूर्णाचा अर्धा किलोचा डबा मोठ्या बॅगेतच जावा.

गोमूत्र अर्क, पंचगव्य घृत, धूपाच्या शेणी यांचे काय, असे आम्हांस अनेकदा विचारले जाते. उत्तर सरळ आहे : नेऊ नये. एप्रिल २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या विमानातील एका विसरलेल्या बॅगेत दोन गोवऱ्या सापडल्या व त्या नष्ट केल्या गेल्या. आपल्याकडील वृत्तपत्रांत त्यावर विनोद झाले. परंतु त्यामागे लाळ्या-खुरकूत रोगाची भीती होती. अमेरिकेत १९२९ नंतर हा रोग आढळलेला नाही. तो पुन्हा शिरला तर लक्षावधी जनावरे मारावी लागतील. आपल्या गोठ्यात हा रोग नित्याचा असल्याने त्यांची धास्ती आपल्याला अतिरेकी वाटते इतकेच. दूध-तुपाच्या पदार्थांवर ब्रिटनचेही निर्बंध आहेत, तेव्हा औषधी घृते येथेच संपवून जावीत.

या साऱ्यांतून वाट काढणारा एकच नियम आमच्या पाहण्यात आहे, तो म्हणजे घोषणा. न्यूझीलंडमध्ये जोखमीचा पदार्थ न सांगता आणल्यास जागीच ४०० डॉलर दंड होतो. सांगितल्यास दंड नाही, फार तर पदार्थ काढून घेतला जातो. ऑस्ट्रेलियातही तत्त्व हेच. वस्तू गेली तर काही शे रुपये गेले. खोटी सही मात्र नोंदीत राहते आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी समोर येते. म्हणून रुग्णास आम्ही बजावतो की शंका असेल तेथे 'होय' लिहावे, आणि अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी सही करण्यापूर्वी तो मराठीतून वाचून घ्यावा.

वैद्याच्या बाजूने करण्यासारखे पुष्कळ आहे. स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः बनविलेल्या औषधास आपल्या कायद्यात उत्पादन परवाना लागत नाही. ही सवलत आपल्या परंपरेचा मान राखणारी आहे. पण तिच्यामुळेच आपल्या पुडीवर परवाना क्रमांक, बॅच, मुदत यांपैकी काहीच नसते. तिकडच्या टेबलावर ती पुडी म्हणजे केवळ अज्ञात भुकटी. म्हणून प्रवासी रुग्णास आम्ही आता नामांकित कारखान्याची, मूळ सीलबंद व इंग्रजी लेबलाची औषधेच देतो, तीही तीन महिन्यांपुरती. ऑस्ट्रेलिया व अमेरिका दोन्हीकडे स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांचाच साठा मान्य होतो. सहा महिन्यांचा आग्रह धरणाऱ्यास आम्ही नम्रपणे नकार देतो. डबीवर 'मधुमेह समूळ बरा करते' असे छापले असेल तर ती देत नाही. अमेरिकेत असा दावा असलेले उत्पादन पूरक आहार न राहता विनापरवाना औषध ठरते. औषधनिर्मात्या सभासदांनी हे लेबल छापतानाच लक्षात घ्यावे, अशी विनंती आहे.

त्याबरोबर चिकित्सालयाच्या छापील कागदावर इंग्रजीत टंकलिखित पत्र द्यावे. त्यात रुग्णाचे पासपोर्टवर आहे तसेच नाव, व्याधी, प्रत्येक औषधाचे नाव, मुख्य वनस्पतींची लॅटिन नावे, मात्रा, एकूण संख्या आणि आपला नोंदणी क्रमांक असावा. रुग्ण घेत असलेली आधुनिक औषधेही त्याच पत्रात लिहावीत. पत्राच्या दोन प्रती कराव्यात. एक रुग्णाच्या हातातील पिशवीत आणि दुसरी मोठ्या बॅगेत औषधांच्या डब्यालाच चिकटवून. ती बॅग अनेकदा रुग्णाच्या गैरहजेरीत उघडली जाते.